डावीकडचा हात

इस्त्री टेकली माझ्या हातावर आणि ओरडली दुसरीच.

मी इस्त्री उचलली. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर माझा डावा हात पसरलेला होता, कापड ताणून धरलेला, जसा जन्मभर असतो तसा. अंगठ्याच्या मुळाशी जुना भाजल्याचा डाग आहे, त्याच्या शेजारची कातडी आधी पांढुरकी झाली आणि मग लाल. मी वाट पाहत राहिले. भाजलं की एक कळ थेट दातांपर्यंत जाते, तिची माझी जुनी ओळख आहे. ती आलीच नाही. हात माझा, चटका माझा, आणि कळ भलतीकडेच गेली. डाव्या कानापाशी कोणीतरी "आई गं!" करून किंचाळलं, असं की मागच्या खोलीतलं धुण्याचं मशीनसुद्धा दचकून थांबल्यासारखं वाटलं. मग तो हात कॉलरवरून उठला, टेबलाच्या कडेकडे सरकला आणि गेला. माझाच हात, मला न विचारता निघून गेला.

मी तिथंच उभी. इस्त्री हवेत धरलेली, फुसफुस वाफ सोडणारी. समोर काउंटरवर माझा मुलगा धुतलेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधत होता. त्याला मी होयबा म्हणते, कारण जन्मल्यापासून त्याने कोणाला नाही म्हटलेलं नाही, मला तर नाहीच. त्याने मान वर केली, आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारी बघितलं. त्याचा चेहरा पडला. माझ्या शेजारी कोणी नव्हतं. माझ्या शेजारी टेबल संपतं, आणि टेबल संपलं की सगळंच संपतं. गेला हात, तर जाईल कुठं? जायला जागा तर हवी.

आता हे कसं सांगू? माझी शाळा फळ्यावरची अक्षरं नीट लागायच्या आधीच सुटली, त्यामुळे जमेल तसं सांगते. लोकांना वाटतं की मला डावीकडे अंधार दिसतो. अंधार दिसला असता तर दिवा लावला असता की मी. तुम्हाला तुमच्या पाठीमागे काय दिसतं? काळोख दिसतो का? नाही ना. काहीच दिसत नाही आणि त्याचं तुम्हाला काही वाटतही नाही. माझी पाठ डाव्या कानापासूनच सुरू होते, एवढाच फरक. दवाखान्यातल्या व्यायामवालीने मला कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं. मी काढलं, सगळे आकडे घातले. ती म्हणाली, "आजी, आकडे सगळे एकाच बाजूला दाटीवाटीनं कसे बसले?" मी म्हटलं, "आधी आजी कोणाला म्हणतेस ते सांग. आणि घड्याळ तुमच्या दवाखान्याचं आहे, तुमच्यासारखंच एका बाजूनं बोलतं." ती हसली. आपण जिंकलो असं वाटून मीही हसले. तिने कागदावर काहीतरी टिपून घेतलं. हसत हसत टिपून घेणाऱ्या माणसांचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी तेव्हा संशय घेत होते भलत्याच माणसावर.

माझ्या सुनेवर. तिला मी तोंडावर सूनबाई म्हणते आणि मनात मुकी. घरात आल्यापासून तिचा आवाज भांड्यांपेक्षा मोठा झालेला नाही. काम चोख, कॉलर अशी बसवते की गिऱ्हाईक गळ्याला हात लावून बघतं, पण बोलायचं म्हणजे हिच्या जिवावर येतं. मी आजारी पडले आणि ती दवाखान्यात फिरकली नाही. मुलगा यायचा, उजवीकडे खुर्चीत बसायचा, फळं सोलायचा. शेजारची शिंपीण येऊन रडून गेली. मी विचारायची, "सूनबाई कुठाय?" मुलगा गडबडून जायचा. "इथंच आहे की आई," म्हणायचा. मी म्हणायची, "इथंच म्हणजे घरीच ना? दुकान सांभाळते म्हणावं मोठी. सासू मरायला टेकली तरी पाय वळत नाही हिचा." मग कुठूनतरी पाण्याचा पेला ओठांशी यायचा. नळी असलेला पेला, बरोबर हव्या त्या वेळी. मला वाटायचं, नर्स किती चांगली आहे. तोंड पुसलं जायचं, केस विंचरले जायचे, पाठीखालची चादर सरळ व्हायची. तशी चादर नर्सला जमत नाही. कोपऱ्यांवर हात फिरवून, एकही चुणी न ठेवता घातलेली ती चादर आमच्या दुकानातली होती, हे माझ्या पाठीला कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

मी पडले तो दिवसही चादरींचाच होता. हॉटेलच्या चादरी, जाड, ओलसर, इस्त्रीखाली कुरकुरणाऱ्या. एका गिऱ्हाइकाशी माझं भांडण चाललं होतं; बटण आधीच तुटलेलं होतं की आम्ही तोडलं यावर. मी त्याला चांगला धरला होता, आणि तेवढ्यात डोक्यात कोणीतरी ओलं कापड टर्रकन फाडल्याचा आवाज झाला. दुखलं नंतर. आधी आवाज, मग वास. सूत करपल्याचा वास. माझ्या दुकानात! उभ्या हयातीत या टेबलावर कापड जळालं नव्हतं. मी ओरडले, "कोण जाळतंय गं?" आणि खाली बघितलं तर धूर माझ्याच इस्त्रीखालून येत होता. मुलगा म्हणतो, मी काही ओरडले नाही, माझ्या तोंडातून नुसता लगदा बाहेर पडला. मी नीट ओरडले होते. मला स्वतःला ऐकू आलं होतं. पडताना मला मरणाची भीती वाटली नाही. त्या चादरीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग राहिला असेल आणि तो त्या बटणवाल्यानं बघितला असेल, याची लाज वाटली.

मेंदूचे डॉक्टर म्हणजे हसू विकत घ्यावं लागेल असा माणूस. त्यांनी काचेवर माझ्या डोक्याचा फोटो लावला. उजव्या कानाच्या वर, पावसानंतर मातीत दिसतो तसा गांडुळांचा झुबका. म्हणाले, हा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. जोराचं रक्त घेऊन येणारी वाहिनी आधी बारीक बारीक फाटे फुटून मंद व्हायला हवी, आणि मग ते रक्त परतीच्या शिरेत जायला हवं. इथं मधले फाटेच नाहीत. जोराचं रक्त थेट पातळ शिरेत घुसतं. सोसलं तोवर सोसलं, एक दिवस फुटलं. मला बॉयलर आठवला. आमच्याकडे बॉयलरची वाफ इस्त्रीत येण्याआधी तिचा दाब उतरवणारी एक तोटी असते. माझ्यात तीच बसवायची राहिली होती. "कधी झालं हे?" मी विचारलं. मला वाटलं म्हणतील, उन्हात उभं राहिल्यानं, कमी झोपेनं, सुनेच्या काळजीनं. डॉक्टर म्हणाले, "झालं नाही. जन्मापासून आहे."

त्या एका शब्दानं मी खचलेच. डोकं फुटलं तेव्हा बसला नाही एवढा धक्का तेव्हा बसला. जन्मापासून. म्हणजे परकरात बोरं गोळा करत झाडावर चढले तेव्हा तो होता. लग्नाच्या दिवशी डोक्यावर फुलं माळली, ती त्याच्यावर माळली. पोराला जन्म देताना दात आवळून जोर केला तेव्हा तो आत बसून बघत होता. मी आयुष्यभर लोकांच्या कपड्यांतले डाग शोधले, उजेडात धरून, उलटे करून, आणि माझ्या आत हा गठ्ठा न उलगडता पडून होता. तक्रार कोणाकडे करायची? जिने मला घडवलं ती बिचारी केव्हाच गेली. मग मला एकदम आवाज आठवला. मी डॉक्टरांना म्हटलं, "म्हणजे तो आवाज त्याचा?" ते म्हणाले, "कुठला आवाज?" मी म्हटलं, "हा हो, हा, उशीवर कान टेकला की येतो तो. लांबच्या अंगणात कोणी झाडतंय तसा, हुश्श, हुश्श." मी मुलाकडे बघितलं. "तुला नाही येत?" त्याने मान हलवली. नर्सकडे बघितलं. तिलाही नाही. मी खुळ्यासारखी एकेकाचं तोंड बघत राहिले. मला वाटत होतं, तो सगळ्यांना येतो. पाऊस सगळ्यांच्या छपरावर पडतो तसा. लहानपणी मी आईला एकदा विचारलं होतं की रात्रभर कोण झाडतं, तर ती म्हणाली झोप मुकाट्यानं. नवऱ्याला मात्र ठाऊक होता. तो कधीतरी माझ्या डोक्याला कान लावून म्हणायचा, "मशीन चालू आहे. मालकीणबाई जिवंत आहेत." मी त्याला चिमटा काढायची. तो गमतीनं माझा आजार ऐकत होता, आणि मी गमतीनं ऐकवत होते.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. जांघेतून एक बारीक नळी वर थेट डोक्यापर्यंत न्यायची, त्या गुंत्यात गोंदासारखं काहीतरी भरून रक्ताची वाट बंद करायची, आणि मग कवटी उघडून तो काढून टाकायचा. केलं तर धोका आहे. नाही केलं तर गुंता तसाच आहे, एकदा फुटलाय, पुन्हा फुटू शकतो, आणि दुसऱ्या खेपेला मी उठेन असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. "आधी थोड्या बऱ्या व्हा, घरी जा, विचार करा," ते म्हणाले, "पण फार लांबवू नका." हो की नाही ते सांगायचा दिवस उद्याचा. आणि मी नाही म्हणणार होते. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माझ्या नाहीपुढे आमच्या घरात कोणी जात नाही.

नाही का म्हणणार होते? कारण माझा हात परत आला होता. दवाखान्यात तो गेलेला होता म्हणे. डॉक्टर चिमटे काढायचे, व्यायामवाली त्याला बाळासारखं उचलून न्हाऊमाखू घालायची, "हलवा बघू आजी, हलवा" म्हणायची, आणि मी म्हणायची, "हलवतेय की, डोळे फुटले का तुझे?" घरी आले त्याच दिवशी मी थेट टेबलापाशी गेले. कोणी अडवलं नाही. सूनबाईनं मला एप्रन बांधला, हे आठवतं, पाठीमागून गाठ मारली. मी इस्त्री घेतली, एक शर्ट घेतला, आणि तो मेला सारखा घसरायला लागला. उजव्या हातानं इस्त्री फिरवावी तर कापड तिच्याबरोबर फिरायचं. मी त्याला नाही नाही ते बोलले. आणि मग, टेबलाच्या कडेपाशी, जिथून पुढे काही नसतं तिथून, चार बोटं आली. मग अंगठा. अंगठ्याच्या मुळाशी डाग. कॉलर दाबताना वाफ जिथं चाटते तिथला, या टेबलावर राबलेल्या हाताला होतोच असा डाग. मी ओळखला. बोटांनी कापड ताणलं, शर्ट थांबला, इस्त्री सरळ गेली. मी मोठ्यानं हसले. मुलाला ओरडून सांगितलं, "बघ रे होयबा! आला! दवाखान्याच्या हवेत आखडतो, दुकानात आला की कामाला लागतो. कष्टाचा हात आहे तो, बसून खाणाऱ्यांत त्याचं मन रमत नाही!" होयबा हो म्हणाला.

तेव्हापासून रोज तो यायचा. मी सांगायच्या आधी बाही उलटवायचा, खिसा सरळ करायचा, इस्त्री जवळ आली की अलगद बाजूला व्हायचा. इतका शहाणा तर तो आजाराच्या आधीही नव्हता. मी त्याचं कौतुक करायची, गिऱ्हाइकांना दाखवायची. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची, मग माझ्या शेजारी बघायची, मग पायाखाली बघायची. मला वाटायचं, थक्क झालीत. एकदा जेवताना सूनबाई कधी नव्हे ती समोर, उजवीकडे येऊन बसली. बराच वेळ पेल्याशी चाळा केला आणि म्हणाली, "आई, टेबलावरचा तो हात तुमचा नाही. माझा आहे." मी म्हटलं, "वा गं वा! दुकान तुझं होणारच आहे, घर तुझं होणारच आहे. आता माझ्या अंगावरच्या हातावरसुद्धा नाव घालतेस?" होयबा हसला, घाबरून हसतात तसा. ती उठून गेली. नंतर पुन्हा एकदा बोलली, मी पुन्हा उडवून लावलं. व्यायामवालीनं सांगितलं, तिला म्हटलं, "तू दुकानात ये, मग बोलू." खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते, बटण आधीच तुटलेलं होतं म्हणणारी. माझ्या डोळ्यांनी मला कधी फसवलं नाही, हा माझा गर्व होता, आणि अजूनही मला कळत नाही की गर्व नाही करायचा तर माणसानं उभं कशाच्या आधारानं राहायचं.

आणि आता इस्त्री हवेत होती आणि हात गेला होता. मी ती बैठकीवर ठेवली. उजवा हात मोकळा झाला. त्याच हातानं मी स्वतःला चाचपायला लागले, अंधारात किल्ल्या शोधतात तशी. पोट. एप्रनचा पट्टा. पट्ट्याखाली एप्रनचा मोठा खिसा, ज्यात आम्ही खडूचे तुकडे, सुया, गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेल्या वस्तू ठेवतो. त्यात काहीतरी होतं. कोमट, जड, मऊ. पिळायचा राहून गेलेला रुमाल असावा असं वाटलं. मी बोटांनी दाबलं. रुमालात हाडं होती. मला शिसारी आली. कोणी मेलेलं काही माझ्या खिशात ठेवलंय असं वाटून मी ते ओढून बाहेर काढायला गेले, आणि माझाच खांदा पुढे ओढला गेला. पुन्हा ओढलं, पुन्हा खांदा आला. ते मलाच शिवलेलं होतं. मी ते उचलून उजव्या बाजूला, उजेडात, डोळ्यांसमोर आणलं. अंगठ्याच्या मुळाशी डाग होता. नुसता जुना. शेजारी लाल काही नाही. ताजं काही नाही.

म्हणजे एप्रन बांधताना रोज सकाळी कोणीतरी माझा हात उचलून या खिशात घालत होतं. लोंबू नये म्हणून. इस्त्रीखाली येऊ नये म्हणून. अंथरुणात मूल ठेवतात तसा. आणि मी वर उभी राहून दुसरीच्याच हाताची फुशारकी मारत होते. मी त्या हाताला म्हटलं, उठ. नीट ऐकू येईल असं म्हटलं. तो पडून राहिला. माझ्या घरात, माझ्या दुकानात, माझं न ऐकणारं कोणीतरी होतं, आणि ते मीच होते. टेबलाची कड पोटाशी धरून मी उभी राहिले. उजव्या कानावर ते झाडणं आज उशीशिवायच चालू होतं, हुश्श, हुश्श, मला काही देणंघेणं नसल्यासारखं.

डावीकडे पाण्याचा आवाज येत होता. नळ वाहत होता. कुठल्या भिंतीला नळ आहे? आमच्या दुकानात नळ आहे का? आहे, अर्थात आहे, मीच बसवून घेतलाय, प्लंबरशी हुज्जत घालून. पण परत आल्यापासून मला तो एकदाही आठवला नव्हता. व्यायामवाली म्हणायची, "मान वळवा आजी. अजून. वाटलं संपलं तरी अजून. दार दिसेपर्यंत." मला तो वेडेपणा वाटायचा. जिथं काही नाही तिथं मान वळवून काय बघायचं? आता मी वळवली. टेबल संपलं. पुढे वळवणं म्हणजे जिना नसताना पायरी उतरण्यासारखं होतं. मानेच्या शिरा नको नको म्हणत होत्या. मी हनुवटीला उजव्या हातानं धरलं आणि ढकललं. आणि टेबल संपलेलं नव्हतं. ते पुढे होतं, चांगलं हातभर होतं, आणि त्यावर दुमडलेल्या शर्टांची चळत होती. मग भिंत आली. भिंतीवर खुंटी, खुंटीवर नवऱ्याची टोपी, जी हरवली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. मग खिडकी, रस्ता, रस्त्यावर सायकल टेकवून उभा असलेला कोणीतरी. एवढं सगळं! अर्धं दुकान तिथं चाललं होतं, मला न कळवता. मी आणखी ढकललं. नळ आला. नळाखाली हात. मग ती.

ती बारीक झाली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती घरी बसून आरामात आहे असं समजून जिला मी इतके दिवस बोल लावले, ती वाळलेल्या कापडासारखी उभी होती. दवाखान्यातल्या माणसाला येते तशी अवकळा तिला आली होती. मी विचारलं, "दवाखान्यात होतीस?"

"रोज," ती म्हणाली. "पलंगाच्या या बाजूलाच खुर्ची होती. त्या बाजूला तुमचा मुलगा बसायचा."

"आणि पेला?"

"मीच."

मी नर्सला आशीर्वाद देऊन आले होते. असल्या वेळी मला रडणाऱ्या बायकांचा राग येतो. "पाणी बंद करू नकोस," मी म्हटलं. "धरून ठेव हात नळाखाली. आणि काही चोपडू नकोस वर. हे हात घालायचं कधीपासून चाललंय?"

"तुम्ही घरी आलात त्या दिवसापासून. शर्ट घसरत होता. तुम्ही त्यालाच शिव्या देत होतात. मला बघवेना. म्हटलं, एवढा एक धरावा."

"मग एकावर थांबायचं होतंस."

"तुम्ही हसलात," ती म्हणाली. "मग कसं थांबू?"

मान दुखत होती. सैल सोडली असती तर ती, नळ, खिडकी, टोपी सगळं पुसलं गेलं असतं, म्हणून मी हनुवटी धरूनच ठेवली. एक गोष्ट मला आतून टोचत होती. आमचा धंदा मला कोणी शिकवायला नको. इस्त्री येताना दिसते, दिसली नाही तरी वाफ आधी कातडीला लागते, आणि इतकी वर्षं या टेबलावर काढलेल्या बाईचा हात डोकं झोपलं तरी आपणहून मागे सरतो. आजवर रोज सरत होता. "एक खरं सांग," मी म्हटलं. "आज हात का काढला नाहीस?"

होयबा मधे पडला. "आई, अगं चुकून..."

"तू गप्प रहा. मी तिला विचारतेय."

तिने नळाकडे बघितलं. लाल झालेल्या जागेवर आता फोड धरायला लागला होता, पाण्याखाली तो चकाकत होता. मुकी म्हणायची मी तिला. ती हळू पण सरळ बोलली. "काढला असता तर तुम्हाला कळलंच नसतं. तोंडानं सांगून झालं होतं. उद्या तुम्ही डॉक्टरांना नाही म्हणणार होतात. माझ्या हाताच्या भरवशावर."

लोक माझ्या तोंडाला घाबरतात, मी कोणाला घाबरत नाही. पण त्या ओल्या, टरारलेल्या हाताची मला भीती वाटली. तापलेल्या इस्त्रीकडे बघत हात तिथंच ठेवायचा, ठरवून ठेवायचा, आणि तोही कोणासाठी, तर मी मेले तर दुकान जिचं होणार तिने माझ्यासाठी. मला माझ्या डोक्यातला तो झुबका दिसला, काचेवर लावलेला. त्यानं मला दुसरीचा हात माझा म्हणून दाखवला होता. शेजारी बसलेली माणसं नाहीत म्हणून दाखवली होती. आणि हे सगळं दाखवताना माझा सूर एवढाही हलू दिला नव्हता. मी प्रत्येक वेळी तेवढ्याच खात्रीनं बोलले होते, जेवढ्या खात्रीनं बटणाबद्दल बोलते. मग उद्याचं ते नाही कोणाचं होतं? माझं, की त्याचं? मी ते उलटसुलट करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. कळायला काही मार्ग नव्हता. ज्यानं बघायचं तेच डागाळलेलं.

"होयबा," मी म्हटलं, "उद्या दुकान बंद. बाहेर पाटी लाव."

तो घाबरला. आमचं दुकान याचे वडील गेले त्या दिवशीसुद्धा दुपारनंतर उघडलं होतं. "काय लिहू पाटीवर?"

"लिही, मालकीणबाईंच्या डोक्याची दुरुस्ती चालू आहे."

"आई! म्हणजे डॉक्टरांना..."

"हो सांगायचं. तुला तेवढं एकच येतं ना, मग ते तू सांग." मग मी पुन्हा डावीकडे मान ढकलली. ती तिथंच होती, हे बघून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. "आणि तू तिकडे काय उभी राहतेस चोरासारखी? जिथं मला दिसत नाही तिथं उभं राहून चांगुलपणा करायचा, आणि मी जगभर तुझी निंदा करत फिरायची! इकडे ये. या बाजूला."

ती टेबलाला वळसा घालून आली. मान सरळ करताच टोपी गेली, खिडकी गेली, आणि काही क्षण तीही गेली. माणूस चालता चालता जगाबाहेर जाऊन परत येतं ते बघायची सवय मला व्हायची आहे. कदाचित होणारच नाही. मग ती उजवीकडून आली, भाजलेल्या हाताला ओला पंचा गुंडाळून. तो पांढरा शर्ट अजून टेबलावर पडला होता, अर्धी कॉलर झालेली. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. तिने उजव्या हातानं इस्त्री घेतली, डावा हात सवयीनं पुढे केला आणि पंचा बघून मागे घेतला. शर्ट तिच्या इस्त्रीबरोबर फिरायला लागला.

मी माझा डावा हात उचलला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. या खेपेला मी स्वतः ठेवला. मग उजवा हात कॉलरवर पसरला आणि कापड ताणलं. शर्ट थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. कापडाकडे बघायचं असतं. ते माझं डोकं उघडतील तेव्हा तो आवाजही काढून टाकतील, आणि मग उशीवर कान टेकल्यावर काय ऐकू येतं, बाकीच्या माणसांना रोज काय ऐकू येतं, हे मला पहिल्यांदा कळेल. किंवा काहीच कळणार नाही. इस्त्री कॉलरच्या टोकाकडून निघाली होती. वाफ बोटांना लागली, आणि कळ, माझी, माझ्या स्वतःच्या हाताची, थेट दातांपर्यंत आली.

"आई, हात काढा," ती म्हणाली.

"कळतंय मला," मी म्हटलं, आणि काढला.